सेरेब्रल पाल्सी : यंत्राचे उत्तेजन आणि घरातील सराव

मूल सहा-सात महिन्यांचे झाले तरी मान सावरत नाही. एक मूठ सदैव मिटलेली राहते. उभे धरले की दोन्ही पाय कात्रीसारखे एकमेकांवर चढतात. घरातील अनुभवी स्त्रियांच्या नजरेतून हे सुटलेले नसते. तरीही ‘याचे काकाही उशिराच चालले होते’ या एका वाक्याच्या आधारावर वर्ष निघून जाते. पुढे केव्हा तरी निदान होते आणि ‘सेरेब्रल पाल्सी’ हे दोन शब्द घरात येतात. ज्या घराला पैशाची फारशी अडचण नसते, तेथे पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : यावर कोणते यंत्र, कोणते इंजेक्शन, कोणते मोठे रुग्णालय आहे?

प्रश्न स्वाभाविक आहे. गेल्या काही वर्षांत मेंदूला किंवा मज्जारज्जूला सौम्य वीज अथवा चुंबकीय स्पंद देऊन या मुलांच्या हालचाली सुधारता येतात का, यावर गंभीर संशोधन सुरू आहे. त्याला न्यूरोमॉड्युलेशन, म्हणजे चेतासंस्थेचे नियमन, असे म्हणतात. त्याच्या बातम्या मोबाइलवरून घरोघरी पोहोचतात आणि आशा वाढते. ही आशा खोटी नाही. परंतु ती नेमकी कशावर उभी आहे, हे समजून न घेतल्यास पैसा जातो आणि त्याहून मोलाचा काळही जातो.

प्रथम आजाराविषयी. लंडनमधील शल्यचिकित्सक विल्यम जॉन लिटल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात या स्थितीचे सविस्तर वर्णन केले. म्हणून दीर्घकाळ तिला ‘लिटलचा आजार’ असेच म्हटले जाई. बाळाचा मेंदू घडत असताना, म्हणजे गर्भावस्थेत, जन्मसमयी किंवा जन्मानंतरच्या आरंभीच्या काळात, त्याला जी इजा होते, तिच्यामुळे हालचाल आणि शरीराची ठेवण यांवरील नियंत्रण बिघडते. मुदतपूर्व जन्म, गर्भातच झालेला मेंदूतील रक्तस्राव किंवा पक्षाघात, प्राणवायूची कमतरता, संसर्ग, अतितीव्र कावीळ अशी अनेक कारणे त्यामागे असू शकतात. पुष्कळदा नेमके एक कारण सापडतही नाही. मातेने काय खाल्ले, ग्रहणात काय केले, कोणाचे कोणते कर्म उदयास आले, अशा चर्चेने मुलाचे काहीही भले होत नाही. आधीच खचलेल्या मातेच्या मनावर मात्र आणखी एक ओझे पडते.

मेंदूतील मूळ इजा वाढत जात नाही, पण ती भरूनही येत नाही. शरीर मात्र वाढत असते. त्यामुळे ताठर स्नायू, आखडणारे सांधे, निसटणारे खुबे हे प्रश्न वयाबरोबर बदलत जातात. समृद्ध देशांत हजार जन्मांमागे सुमारे दोन मुलांना ही स्थिती आढळते. भारतात हे प्रमाण हजारी तीनच्या आसपास असल्याचा अंदाज आहे. सर्वांची अवस्था सारखी नसते. कॅनडातील हॅमिल्टन येथील मॅकमास्टर विद्यापीठाशी संबंधित संशोधकांनी १९९७ मध्ये पाच स्तरांची एक मोजपट्टी मांडली. पहिल्या स्तरातील मूल चालते, धावते. पाचव्या स्तरातील मुलाला मान आणि धड सावरण्यासाठीही आधार लागतो. आज जगभरचे डॉक्टर हीच भाषा वापरतात. ‘आमचा मुलगा चालेल का?’ या प्रश्नाचे बरेचसे उत्तर त्याचा स्तर कोणता, यावर अवलंबून असते. म्हणून प्रत्येक पालकाने हा स्तर डॉक्टरांकडून नेमका समजून घ्यावा.

त्याच संशोधकांनी पुढे ओंटारिओ प्रांतातील ६५७ मुलांच्या वाढीचा अभ्यास केला आणि २००२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बसणे, उभे राहणे, चालणे अशा स्थूल हालचालींची जी क्षमता मुलाला एकंदरीत लाभणार असते, तिचा सुमारे ९० टक्के भाग सौम्य स्तरातील मुले पाच वर्षांच्या आसपास गाठतात. अतितीव्र स्तरातील मुले तर तीन वर्षांच्या आतच. पाच वर्षांनंतर काहीच शिकता येत नाही, असा याचा अर्थ नव्हे. परंतु ‘थोडे मोठे होऊ दे, मग पाहू’ असे म्हणत घालवलेले वर्ष हे सर्वांत महागडे वर्ष असते, हे यातून स्पष्ट होते.

हे वर्ष वाचवणे आज शक्य आहे. आयोना नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार, धोका असलेल्या बाळांमध्ये सहा महिन्यांच्या आतही निदान होऊ शकते. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय येथे अपेक्षित प्रसूतितिथीपासून मोजतात. पहिल्या पाच महिन्यांत तीन गोष्टी उपयोगी पडतात : मेंदूचा एमआरआय, बाळाच्या चेतासंस्थेची गुण देऊन केलेली तपासणी, आणि प्रेक्टल या शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत. या शेवटच्या पद्धतीत पाठीवर निजलेल्या, जाग्या बाळाच्या स्वाभाविक हालचालींचे छोटे चित्रीकरण करून प्रशिक्षित व्यक्ती ते पारखते. सुई नाही, औषध नाही. तरीही ज्या बाळांना पुढे सेरेब्रल पाल्सी असल्याचे ठरते, त्यांच्यापैकी सुमारे ९८ टक्के बाळे तिच्या नजरेत येतात. ज्या बाळाला जन्मानंतर अतिदक्षता कक्षात राहावे लागले, त्याच्या पालकांनी सुट्टी मिळतानाच या तपासणीविषयी विचारावे.

निदान लवकर झाले तरी मेंदूतील इजा भरून येत नाही. मग उपचार कशावर करायचा? उत्तर मेंदूच्या एका गुणात आहे. जे वारंवार केले जाते, त्याच्या वाटा मेंदूत रुंद होतात. जे केले जात नाही, त्याच्या वाटा बुजतात. लहान वयात हा गुण विशेष प्रबळ असतो. ज्या मुलाची एकच बाजू दुबळी असते, ते चांगल्या हाताने सारे उरकते. दुबळा हात वापरलाच जात नाही, आणि न वापरल्यामुळे अधिकच दुबळा होतो. यावरचा उपाय साधा आहे : चांगल्या हातावर मोजा किंवा हलके प्लास्टर चढवायचे आणि खेळातून दुबळ्या हाताला काम करावयास लावायचे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ एडवर्ड टॉब यांच्या विचारातून ही पद्धत घडली. दोन्ही हातांनी मिळून करावयाच्या कामांचा सघन सराव ही तिची जोडीदार पद्धत कोलंबिया विद्यापीठात विकसित झाली. तीत डबा उघडणे, मणी ओवणे, पतंगाची दोरी गुंडाळणे अशीच कामे असतात.

अहिंसा मानणाऱ्या कुटुंबाला या पद्धतीचा पूर्वेतिहासही ठाऊक असावा. तिचा पाया माकडांवरील प्रयोगांत होता. १९८१ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील टॉब यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या अवस्थेवरून अमेरिकेत मोठा वाद उभा राहिला आणि प्रकरण न्यायालयात गेले. टॉब यांच्यावरील दोषारोप वरिष्ठ न्यायालयाने पुढे रद्द केला. तथापि १९८५ मध्ये त्या देशाच्या प्राणिकल्याण कायद्यात ज्या सुधारणा झाल्या, त्यांमागे या प्रकरणाचाही हात होता. ज्ञान कोणाच्या वेदनेतून आले, याची आठवण ठेवणे हाही कृतज्ञतेचाच भाग आहे. पुढील परिच्छेदांतील अभ्यास मात्र थेट मुलांबरोबर, पालकांच्या संमतीने आणि त्वचेला छेद न देता झालेले आहेत.

१९८५ मध्ये इंग्लंडमधील शेफील्ड येथे अँथनी बार्कर यांनी एक साधन तयार केले. डोक्याजवळ धरलेल्या वेटोळ्यातून क्षणमात्र तीव्र प्रवाह सोडला की चुंबकीय स्पंद निर्माण होतो. तो कवटीतून आत जातो आणि मेंदूच्या ठरावीक भागातील पेशी जाग्या होतात. हे स्पंद सावकाश गतीने देत राहिल्यास तो भाग काही काळ शांत होतो. जलद दिल्यास उत्तेजित होतो. एका बाजूला इजा झालेल्या मुलांमध्ये मेंदूचा निरोगी अर्धा भाग दुसऱ्याला दाबून टाकतो, असा एक विचार आहे. म्हणून संशोधकांनी निरोगी भागाला सावकाश स्पंदांनी थोडे शांत केले, जेणेकरून दुबळ्या भागाला काम करण्यास वाव मिळावा.

कॅनडातील कॅल्गरी येथे अ‍ॅडम किर्टन आणि सहकाऱ्यांनी केलेली चाचणी या दृष्टीने महत्त्वाची आहे. जन्माच्या आसपास मेंदूचा पक्षाघात झालेली ४५ मुले, वये ६ ते १९ वर्षे, दोन आठवड्यांच्या शिबिरात एकत्र आली. काही मुलांना चुंबकीय उपचार खरा दिला, काहींना केवळ तसा भास करून दिला. काहींचा चांगला हात बांधला, काहींचा मोकळा ठेवला. परंतु हातांचा सघन सराव सर्वांनाच दिला होता, आणि त्यासाठीची उद्दिष्टे मुलांनी स्वतः निवडलेली होती. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार चुंबकीय उपचार आणि हात बांधण्याची पद्धत ही जोडी लाभलेल्या मुलांच्या हातात सर्वाधिक सुधारणा दिसली. मिनेसोटा विद्यापीठात बर्नाडेट गिलिक यांनी १९ मुलांवर केलेल्या त्यापूर्वीच्या चाचणीतही सराव आणि चुंबकीय उपचार यांच्या जोडीचा लाभ आढळला होता.

दुसरे साधन याहून साधे आहे. डोक्यावर ओलसर पट्ट्या ठेवून अत्यंत सौम्य, सुमारे एक मिलिअँपिअर प्रवाह सोडायचा आणि त्याच वेळी मुलाकडून हाताचे काम करवून घ्यायचे. कॅल्गरीतच २४ मुलांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये आले. मुलांनी स्वतः निवडलेल्या उद्दिष्टांबाबत प्रवाह मिळालेल्या गटाला अधिक समाधान वाटले. पण हाताच्या प्रत्यक्ष मोजमापात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. संशोधकांनी हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिले. प्रामाणिक शास्त्राची हीच ओळख आहे.

तिसरी दिशा मज्जारज्जूची. पाठीच्या कण्यावर त्वचेवरूनच विद्युत्स्पंद द्यायचे आणि त्याच बैठकीत उभे राहणे, पाऊल टाकणे यांचा सराव घ्यायचा. कॅलिफोर्नियात व्ही. रेगी एजर्टन, बालरुग्णांच्या फिजिओथेरपिस्ट सुसान हेस्टिंग्ज आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये अशा एका प्राथमिक अभ्यासाचा अहवाल दिला. सहभागी सोळा होते, कालावधी आठ आठवड्यांचा. स्थूल हालचालींच्या गुणांकात वाढ दिसली. आशा जागवणारी ही गोष्ट आहे. परंतु सोळा जणांच्या अनुभवावरून लाखोंसाठी निर्णय करता येत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने त्वचेवरून मज्जारज्जूला उत्तेजन देणाऱ्या एका यंत्राला अनुमती दिली, ती मज्जारज्जूला इजा झालेल्या प्रौढांच्या हातांसाठी. सेरेब्रल पाल्सी असलेल्या बालकांसाठी नव्हे.

या साऱ्या अभ्यासांत एक गोष्ट समान आहे. एकाही ठिकाणी मुलाला नुसते यंत्राखाली बसवून घरी पाठवलेले नाही. उत्तेजनाच्या जोडीला तासन्‌तास सराव होताच. उत्तेजनाने मेंदू काही काळ शिकण्यास अधिक अनुकूल होत असेल. पण त्या वेळेत शिकवले काहीच नाही, तर ती अनुकूलता वाया जाते. म्हणून सरावाला सोडून यंत्र विकणाऱ्यापासून सावध राहावे. कोणी असा उपचार सुचवला, तर चार प्रश्न अवश्य विचारावेत : हा संशोधनाचा भाग आहे की विक्रीचा? संशोधन असेल तर नैतिक समितीची मान्यता आणि चाचणीची नोंदणी आहे का? मुलाला फेफरे येतात का, हे तपासले का? आणि यासोबत सराव किती तास, कोण घेणार? या मुलांपैकी साधारण चौघांत एकाला अपस्मार असतो. त्यामुळे मेंदूला उत्तेजन देताना तिसरा प्रश्न जिवाशी संबंधित आहे. संशोधनात सहभागी होण्यासाठी पालकांकडून मोठे शुल्क मागितले जात असेल, तर तेथेच थांबावे.

मूलपेशींच्या इंजेक्शनांबाबतही हेच. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही आजारांपलीकडे मूलपेशींचा उपयोग मान्यताप्राप्त चाचणीबाहेर करणे अनैतिक आहे. तरीही त्यासाठी दागिने मोडणारी घरे आहेत. उच्च दाबाच्या प्राणवायूच्या कक्षाचाही सेरेब्रल पाल्सीत लाभ सिद्ध झालेला नाही.

मग सिद्ध काय आहे? २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात की मुलाने आणि कुटुंबाने निवडलेले नेमके उद्दिष्ट घ्यावे, ते संपूर्ण काम मुलाने स्वतः करावे, ते खऱ्या जागी करावे आणि पुष्कळ वेळा करावे. मूल आडवे पडून राहावे आणि दुसऱ्याने त्याचे हातपाय ताणावेत, मालिश करावी, याने त्याला बरे वाटू शकेल. काम करता येणे मात्र त्यातून येत नाही. सरावाचे मापही उपलब्ध आहे. हाताच्या कामांबाबतचे अभ्यास सांगतात की एखादे ठरावीक उद्दिष्ट साधण्यास १४ ते २५ तासांहून अधिक, आणि हाताचे एकंदर कार्य सुधारण्यास ३० ते ४० तासांहून अधिक सराव लागतो. यात केंद्रातील आणि घरचा, दोन्ही वेळ धरता येतात.

हिशेबाची सवय असलेल्या घराला हे गणित अवघड नाही. आठवड्यातून दोनदा पाऊण तास केंद्रात गेल्यास ४० तास भरायला सहा महिने लागतात. घरी रोज केवळ २० मिनिटे दिली, तर १२० दिवसांत तेवढेच तास होतात. दोन्ही मिळाले तर अडीच महिन्यांच्या आतच पल्ला गाठता येतो. फिजिओथेरपिस्टने उद्दिष्ट ठरवून द्यावे, पद्धत शिकवावी, दर काही आठवड्यांनी तपासावी. रोजची वीस मिनिटे घराची. दुकानात जशी रोजची नोंद होते, तशी या मिनिटांचीही एका वहीत व्हावी.

एकत्र कुटुंबाची खरी शक्ती येथे दिसते; तिची अडचणही. आजोबा, काकू, चुलत भावंडे यांनी वाटून घेतले तर एकट्या आईवर भार पडत नाही. पण त्याच घरात प्रेमापोटी मुलाच्या हातातील वाटी काढून घेतली जाते, त्याला भरवले जाते, खांद्यावर उचलून नेले जाते. पोळीचा एक तुकडा मोडायला मुलाला पाच मिनिटे लागत असतील, तर ती पाच मिनिटे हाच उपचार आहे. तेवढा वेळ हात आवरून शेजारी बसून राहणे ही माया भरवण्याच्या मायेहून कठीण असते.

सरावाने सर्व काही साधते, असेही नाही. एकूण मुलांपैकी सुमारे ३५ टक्के मुलांचे खुबे जागेवरून सरकतात. पाचव्या स्तरात हे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास जाते. आरंभी दुखत नाही, म्हणून कळत नाही. ठरलेल्या अंतराने एक्स-रे काढणे हाच त्यावरचा पहारा. काही मुले कधीही चालणार नाहीत, आणि ते कळल्यावर योग्य मापाची चाकाची खुर्ची वेळेवर देणे म्हणजे हार मानणे नव्हे.

हालचाल अडली म्हणजे बुद्धी अडली, हा तर सर्वांत जुना गैरसमज. साधारण निम्म्या मुलांना बौद्धिक अक्षमता नसते. मुंबईत मिठू अलूर यांनी १९७२ मध्ये स्पास्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया स्थापन केली, तेव्हा अशा मुलांसाठी शाळेची कल्पनाच देशात नवी होती. त्यांची कन्या मालिनी चिब यांना स्वतःला सेरेब्रल पाल्सी आहे. त्यांनी दोन पदव्युत्तर पदव्या मिळवल्या आणि एका बोटाने टंकलेखन करत आत्मचरित्र लिहिले. हातपाय न चालणारे मूल दुकानाचा जमाखर्च संगणकावर चोख सांभाळू शकेल, असा विचार किती घरांत होतो?

शासकीय व्यवस्थाही ठाऊक असाव्यात. जिल्हा रुग्णालयांतील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत तपासणी व उपचार विनामूल्य आहेत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालील ‘निरामय’ योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्यसंरक्षण मिळते आणि नियमित थेरपीचा खर्चही काही मर्यादेत त्यात येतो. दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र असल्यास आयकरातही वजावट मिळू शकते. त्याविषयी सनदी लेखापालास विचारावे. प्रमाणपत्र काढले तर ‘लोकांना कळेल’, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीत अडथळा येईल, या भीतीने ते न काढणारी घरे मुलाचाच हक्क गमावतात.

शेवटची गोष्ट दानाविषयी. व्यापारी समाजाची दानशूरता सर्वश्रुत आहे. यंत्र दान केले की त्यावर नावाची पाटी लागते, उद्घाटन होते, छायाचित्र येते. पण वापरणारा प्रशिक्षित हात नसेल तर तेच यंत्र वर्षभरात आच्छादनाखाली जाते. गावातील एखाद्या न्यासाने एका चांगल्या फिजिओथेरपिस्टचे आणि एका ऑक्युपेशनल थेरपिस्टचे तीन वर्षांचे वेतन उचलले, आणि ज्या मातांना परगावाहून यावे लागते त्यांच्यासाठी धर्मशाळेतील दोन खोल्या राखून ठेवल्या, तर त्या दानावर पाटी कोठे लावावी हे कळणार नाही. परंतु तीन वर्षांनी त्या गावातील काही मुले स्वतःच्या हाताने पेला उचलून पाणी पीत असतील. संशोधन पुढे सरकेल, उद्या एखादे यंत्र खरोखर सिद्धही होईल. ते ज्या दिवशी गावात येईल, त्या दिवशी त्याच्या शेजारी उभा राहून मुलाला सराव देणारा माणूस आधीपासून तयार असायला हवा.